टोपीतला हात : हँडिकॅपची गोष्ट आणि जोडीच्या खेळाचे गणित

१/
आजचा धागा गोल्फवर आहे. मोहाडीहून तुमसरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या दिसतात, गोल्फचे मैदान काही दिसत नाही. तेव्हा हा विषय इथे कसा, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. पण ज्या कोड्याने गोल्फच्या नियमकर्त्यांना दीर्घकाळ छळले, ते आपण अंगणात, शंकरपटात आणि बैलबाजारात आपल्या परीने सोडवत आलो आहोत. कोडे असे : बळाने असमान असलेल्या माणसांचे दोन संघ केले, तर सामना बरोबरीचा कसा करायचा?

२/
मराठी मुलांची जुनी रीत आठवून पाहा. दोन म्होरके एका बाजूला उभे राहतात. बाकीची मुले आपापल्या तोडीचा जोडीदार शोधतात, दूर जाऊन गुपचूप नावे ठेवतात आणि गळ्यात हात घालून परत येतात : कुणी चंद्र हवा की सूर्य? म्होरक्याने एक नाव उच्चारले की तो गडी त्याचा, उरलेला दुसऱ्याचा. या पद्धतीत एक बारीक शहाणपण आहे. कोण कुणाच्या तोडीचा, हे म्होरका ठरवत नाही. खेळणारेच आपसांत ठरवतात.

३/
आणि जो कुणाच्याच तोडीचा नाही, तो धाकटा भाऊ किंवा पाहुण्यांचे पोर, त्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतले जाते. तो धावतो, ओरडतो, पण बाद झाला तरी बाद धरला जात नाही. सवलत आहे, खेळात जागा आहे. मोजमाप मात्र नाही.

४/
इंग्रजांनी याच सवलतीला आकडा चिकटवला आणि त्याला नाव दिले हँडिकॅप. हा शब्द शारीरिक अपंगत्वाला पुढे लावला गेला; मुळात तो एका सौद्याचा शब्द आहे. ‘हातात टोपी घेऊन भीक मागणे’ यावरून तो आला, अशी एक व्युत्पत्ती समाजमाध्यमांवर फिरत असते. ती साफ चुकीची आहे.

५/
खरी हकीकत अशी. सतराव्या शतकातील इंग्लंडात ‘हँड-इन-कॅप’, म्हणजे ‘टोपीत हात’, नावाचा एक खेळ होता. सॅम्युअल पेपिस या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६० च्या सप्टेंबरात तो पहिल्यांदा पाहिल्याची नोंद केली आहे. दोघांना वस्तूंची अदलाबदल करायची असे, समजा एकाचा घोडा आणि दुसऱ्याची गाय. तिसरा मनुष्य पंच होई. हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती पैसे द्यावेत, हे तो सांगे. तिघेही थोडी रक्कम टोपीत टाकत. मग ते दोघे मुठी टोपीत घालून एकाच वेळी बाहेर काढत : मुठीत नाणे असले तर सौदा मान्य, मूठ रिकामी असली तर अमान्य.

६/
गंमत पुढेच आहे. दोघांनी होकार दिला किंवा दोघांनी नकार दिला, तर टोपीतले पैसे पंचाचे. एकाने होकार आणि दुसऱ्याने नकार दिला, तर पैसे होकार देणाऱ्याचे. पंचाला काही नाही. म्हणजे एकाच बाजूला फायद्याची वाटेल अशी किंमत सांगितली, तर पंचाचेच नुकसान. दोघांना सारखाच गोड किंवा सारखाच कडू वाटेल असा न्याय देण्यात त्याचा स्वार्थ बांधलेला होता. न्यायाधीशाच्या पोटाशी न्यायाची गाठ घालणारी याहून नेटकी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

७/
विदर्भातला जुना बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटे दाबतात, किंमत ठरते, भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. बैलाला बैल देऊन वर पैसे घेण्याचा व्यवहारही आपल्याकडे चालत आला आहे. तिकडे टोपी, इकडे उपरणे. झाकलेल्या हाताने दोन असमान जिनसा समान करण्याची कला तीच.

८/
अठराव्या शतकात हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. वेगवान घोड्याच्या पाठीवर अधिक वजन, मंद घोड्याच्या पाठीवर कमी. ते वजन ठरवणारा पंच तो हँडिकॅपर. १८५५ पासून इंग्लंडात ॲडमिरल हेन्री राउस हे या कामातले सर्वमान्य नाव झाले. मुंबईत महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. तिथल्या आणि पुण्याच्या शर्यतींतून हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या शर्यतीच्या रकान्यात आला आणि अजून तिथे आहे. मात्र घोडा एकटा पळतो. एकट्याचे वजन ठरवणे तुलनेने सोपे.

९/
गोल्फमध्ये हा विचार शब्दाच्या आधी पोहोचला होता. एडिंबरोत वैद्यक शिकणारा टॉमस किंकेड नावाचा तरुण १६८७ च्या रोजनिशीत एक प्रश्न मांडतो : प्रतिस्पर्धी असमान असतील तर पैजेची रक्कम सारखी ठेवून खेळात सवलत द्यावी, की खेळ सरळ ठेवून पैजेची रक्कमच कमीजास्त करावी? आजचा सट्टेबाज दुसरा मार्ग धरतो, हँडिकॅप पहिला. एवढ्या लवकर एवढा स्वच्छ प्रश्न विचारल्याबद्दल या पोराचे कौतुक वाटते.

१०/
ज्यांना गोल्फ अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अठरा खळगे, त्यांना होल म्हणायचे. कमीत कमी फटक्यांत चेंडू प्रत्येक होलमध्ये घालायचा. प्रत्येक होलसाठी निष्णात खेळाडूला लागावेत तेवढे फटके म्हणजे पार. अठरांची बेरीज बहुधा ७० ते ७२. ढोबळमानाने, एखादा आपल्या चांगल्या दिवशी पारपेक्षा जितके फटके जास्त घेतो तो त्याचा हँडिकॅप. १८ हँडिकॅपवाल्याने ९० फटके घेतले, तर त्याचे निव्वळ फटके ७२. सगळ्यांत कठीण होलला १ आणि सोप्याला १८ असे क्रमांक असतात. मिळालेली सूट त्या क्रमाने वाटली जाते.

११/
एकट्यादुकट्याचा हिशेब इथे संपतो. पण स्कॉटलंडात जुन्या काळी लोकप्रिय प्रकार होता जोडीचा. त्याचे नाव फोरसम : दोघांविरुद्ध दोघे, प्रत्येक जोडीचा चेंडू एकच, आणि जोडीदारांनी तो आळीपाळीने मारायचा. सवलत तोंडी ठरे. ‘एक’ म्हणजे दर होलला एक फटका सूट, ‘अर्धा’ म्हणजे एक होल सोडून एक, ‘तिसरा’ म्हणजे दर तिसऱ्या होलला. चौघे एकमेकांना ओळखत असत, म्हणून निभावत असे.

१२/
क्लब वाढले, अनोळखी माणसे समोर येऊ लागली, आणि एका क्लबचा ‘बारा’ दुसऱ्या क्लबच्या ‘बारा’शी जुळेना. हा घोळ देशभर एका पद्धतीने सोडवण्याचे काम आधी कुणी केले? बायकांनी. १८९३ साली ब्रिटनमध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि तिच्या चिटणीस इसेट पिअर्सन यांनी निरनिराळ्या मैदानांची काठिण्यपातळी ठरवून साऱ्या क्लबांना लागू होईल अशी हँडिकॅप पद्धत उभी केली. पुरुषांच्या संस्थांना त्या पायरीवर यायला १९२० चे दशक उजाडले.

१३/
आता मूळ गाठ. दोन खेळाडूंचे दोन आकडे आहेत. संघाचा आकडा काय? पोलोवाल्यांनी सरळ बेरीज केली. पोलोत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते दहा यांपैकी एक मानांकन असते. चौघांची बेरीज म्हणजे संघाचे मानांकन. जो फरक पडेल तो सहाने भागून जितके चक्कर खेळायचे तितक्यांनी गुणायचा. एक संघ १२, दुसरा ८ आणि सामना चार चक्करांचा असेल, तर चार गुणिले चार भागिले सहा, म्हणजे दोन आणि वर अपूर्णांक. अपूर्णांक कितीही असो, तो अर्धा गोल धरला जातो. दुबळा संघ अडीच गोल खिशात घालून मैदानात उतरतो.

१४/
पोलोत बेरीज चालते, कारण चौघे एकाच वेळी एकाच चेंडूमागे असतात. गोल्फमध्ये ती चालत नाही. का चालत नाही, हे समजायला आपला शंकरपट उपयोगी पडेल.

१५/
शंकरपटात जूं एक, बैल दोन. एक कितीही चपळ असो, दुसरा मागे रेंगाळला तर जोडी त्याच्याच चालीने जाते. म्हणून जाणता शेतकरी एक हिरा आणि एक दगड असे कधी जुंपत नाही. तो तोडीस तोड शोधतो आणि ‘जोडी जुळली’ म्हणतो. (२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) जुंवाचा नियम असा : संघाचा निकाल दुबळा ठरवतो.

१६/
फोरसममध्ये निकाल दोघांचा मध्य ठरवतो. चेंडू एक, फटके आळीपाळीने. एकाची चूक दुसऱ्याने निस्तरायची. म्हणून तिथे सरासरी न्याय्य ठरते. आजचा नियम तोच : दोघांच्या हँडिकॅपची बेरीज करून निम्मी घ्यायची. ८ आणि २० ची जोडी असेल तर १४. समोर ४ आणि १० असतील तर ७. फरक सात फटक्यांचा. ब्रिटनमध्ये एके काळी निम्म्याऐवजी फरकाच्या तीन-अष्टमांश सूट देत. त्यात पारडे बलवान जोडीकडे झुकत असे, आणि ते झुकते ठेवण्यात नियम करणाऱ्यांना गैर वाटत नव्हते.

१७/
खरा पेच ‘फोर-बॉल’मध्ये आहे. इथे चौघेही आपापला चेंडू खेळतात आणि प्रत्येक होलला जोडीपैकी ज्याचे फटके कमी, तेच जोडीचे धरतात. म्हणजे निकाल बलवान ठरवतो. पण दर होलला बलवान कोण हे बदलते. वरकरणी वाटते, प्रत्येकाला त्याची पूर्ण सूट दिली की झाले. तसे केले तर काय होते ते पाहू.

१८/
‘धीमा’ नावाचा खेळाडू समजा. सूट वजा जाता तो प्रत्येक होलला ५ फटके घेतो, ना कमी ना जास्त. ‘लहरी’ हा दुसरा. सूट वजा जाता तो निम्म्या होलांना ४ आणि निम्म्यांना ६ घेतो. सरासरी दोघांची ५. एकास एक खेळले तर बरोबरी. आता दोन धीमे एका बाजूला आणि दोन लहरी दुसऱ्या बाजूला उभे करा. धीम्यांची जोडी दर होलला ५, अठरा होलांत ९०. लहरींच्या जोडीत मात्र दोघेही एकाच वेळी चुकण्याची शक्यता चारात एक. उरलेल्या तीन वेळा कुणी तरी ४ आणतोच. सरासरी साडेचार, अठरा होलांत ८१.

१९/
नऊ फटक्यांचा फरक! आणि दोघांचे हँडिकॅप तर अगदी प्रामाणिकपणे मोजलेले. कुणी फसवले नाही, कुणी लपवले नाही. जोडी केली एवढ्यानेच तराजू कलला. उदाहरण मुद्दाम ठळक केले आहे, प्रत्यक्षात एवढी तफावत पडत नाही. पण दिशा हीच. नवशिका हा बहुधा लहरी असतो, त्याचे काही होल सुरेख जातात आणि काही पाण्यात. एकटा असताना त्याला पाण्यातल्या होलांची किंमत मोजावी लागते. जोडीत ती जोडीदार झाकतो.

२०/
आणखी एक गोष्ट, जी आकडेमोड करताना मलाही चकित करून गेली. एक धीमा आणि एक लहरी अशी जोडी करा. लहरीचे ४ आले तर ४, ६ आले तर धीम्याचे ५. सरासरी पुन्हा साडेचार! म्हणजे स्थिर माणसाला दुसऱ्या स्थिर माणसाचा उपयोग नाही. त्याला लहरी जोडीदार हवा. बैलांच्या बाबतीत जो संसार मोडेल, तोच फोर-बॉलमध्ये फळाला येतो.

२१/
म्हणून फोर-बॉलमध्ये सूट कापतात. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शिफारस अशी आहे : एकूण फटके मोजायचे असतील तर प्रत्येकाला त्याच्या हँडिकॅपच्या ८५ टक्के, आणि होलगणिक जयपराजय मोजायचा असेल तर ९० टक्के. टक्क्यांनी कापल्यामुळे ज्याची सूट मोठी, त्याचीच जास्त कापली जाते. २० पैकी तीन जातात, ४ पैकी जेमतेम अर्धा. चौघांच्या संघात प्रत्येक होलचा एकच उत्तम आकडा धरायचा असेल तर ७५ टक्के, दोन धरायचे असतील तर ८५, तीन किंवा चारही धरायचे असतील तर पूर्ण १००. जितकी निवड जास्त, तितकी काट जास्त. चौघांचेही आकडे मोजले की झाकायला कुणी उरत नाही, आणि काटही उरत नाही.

२२/
‘स्क्रॅम्बल’ हा याहून पुढचा प्रकार. चौघेही फटका मारतात, त्यांतला सर्वोत्तम निवडतात, आणि पुढचा फटका सगळे तिथूनच मारतात. इथे नवशिक्याचे बहुतेक फटके टाकूनच दिले जातात. शिफारस अशी : सर्वांत कमी हँडिकॅपवाल्याचे २५ टक्के, मग २०, १५ आणि शेवटच्याचे १०. संघ ८, १४, २० आणि ३० यांचा असेल तर २, २.८, ३ आणि ३, बेरीज १०.८, म्हणजे ११. चौघांची साधी बेरीज ७२ आहे, ती अकरावर येते. ३० वाल्याची तीस फटक्यांची दुर्बळता संघाच्या हिशेबात केवळ तीन उरते. कच्च्या लिंबाला इंग्रजी अंकगणिताने दिलेली ही जागा.

२३/
आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ साली निघाला होता. पुढे तो लयाला गेला. नाशिककरांना ‘गोल्फ क्लब मैदान’ पक्के ठाऊक आहे. साहेबांच्या गोल्फचे नाव त्या मैदानाला इतके चिकटले की गोल्फ गेला तरी नाव गेले नाही. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांचे नाव आज त्याच मैदानाला आहे. तरी रिक्षावाल्याला अजून ‘गोल्फ क्लब’च सांगावे लागते.

२४/
या क्लबांच्या आत हँडिकॅपची समता होती. कर्नल आणि नवा लेफ्टनंट समान पातळीवर खेळू शकत. मात्र ती समता कुंपणाआड होती. खांद्यावर पिशवी वाहणारा कॅडी मैदानाचा उतार साहेबापेक्षा जास्त जाणत असे, पण त्याला हँडिकॅप नव्हता, कारण हँडिकॅप सभासदाला मिळतो. हिंदी श्रीमंतांनासुद्धा बड्या क्लबांची दारे बंद होती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब १९१८ मध्ये निघाला तो हिंदी आणि युरोपीय अशा दोन्ही सभासदांसाठी. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ चे.

२५/
सवलतीची दुसरी बाजू क्रिकेटमध्ये दिसते. एकोणिसाव्या शतकात क्रिकेटनेही संघांना हँडिकॅप दिला होता, तो फटक्यांचा नव्हे, माणसांचा. १८४६ मध्ये विल्यम क्लार्कने उभा केलेला ‘ऑल इंग्लंड इलेव्हन’ गावोगावी जाई आणि त्याचे अकरा बहुधा स्थानिक बाविसांशी खेळत. १८६१-६२ मध्ये ऑस्ट्रेलियात गेलेला पहिला इंग्रज संघही अठरा-बावीस जणांशी खेळला. १८७७ मध्ये मेलबर्नला अकरास अकरा असा सामना झाला आणि ऑस्ट्रेलियाने तो जिंकला; पुढे त्यालाच पहिली कसोटी म्हटले गेले. सवलत नाकारली, तेव्हा तो संघ देशाचा ठरला.

२६/
मुंबईतही तेच घडले. ३० आणि ३१ जानेवारी १८९० रोजी जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्रज संघ बॉम्बे जिमखान्यावर पारशी संघाशी खेळला. अकरास अकरा. डॉ. मेहलाशा पावरी यांच्या गोलंदाजीपुढे पाहुणे कोलमडले आणि पारशी चार गडी राखून जिंकले. समजा, त्या दिवशी पारशांचे अठरा असते आणि ते जिंकले असते, तर आज तो विजय कुणाच्या लक्षात राहिला असता का? मला वाटते, नाही. सूट घेऊन जिंकता येते, पण त्या जिंकण्याला दुसऱ्याने ठरवलेल्या तुमच्या दुबळेपणाची सावली असते.

२७/
म्हणून ‘दुबळा कोण’ हे कोण ठरवतो, हा प्रश्न किती सूट द्यायची यापेक्षा मोठा आहे. टोपीच्या खेळात पंच आकडा सांगे, पण मूठ उघडण्याचा हक्क दोघांचा होता. चंद्र-सूर्याच्या खेळात तर आकडाही मुलांचाच. आपल्या खो-खोत कुमार-किशोर गट ठरवताना उंची, वजन आणि वय यांची बेरीज करण्याची पद्धत होती, तिचा हेतूही तोच : डोळ्यांनी नव्हे, फूटपट्टीने ठरावे, म्हणजे कुणाचा शब्द चालणार नाही. अर्थात उंची लपवता येत नाही. खेळ लपवता येतो.

२८/
आणि गोल्फचे दुखणे नेमके तेच. हँडिकॅप स्वतःच नोंदवलेल्या फटक्यांवर ठरतो. एखाद्याने किरकोळ दिवशी मुद्दाम वाईट खेळून आकडा फुगवून ठेवला आणि बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ काढला, तर? एकट्याच्या स्पर्धेत तो लगेच नजरेत भरतो. संघाच्या स्पर्धेत भरत नाही, कारण तिथे निवडलेले होल कधी याचे, कधी त्याचे. फुगवलेला आकडा जोडीदाराच्या आड सहज दडतो. फोर-बॉल आणि स्क्रॅम्बलच्या बक्षीससमारंभांत जी कुजबुज चालते, तिचे मूळ इथे आहे.

२९/
यावर नियमपुस्तकाकडे जादू नाही. उपाय दोनच. एक, आजच्या पद्धतीत हँडिकॅप शेवटच्या २० नोंदींपैकी सर्वोत्तम ८ वरून निघतो; म्हणजे मुद्दाम बिघडवलेले दिवस बहुतांशी हिशेबाबाहेर पडतात. दुसरा उपाय जुना आहे. स्पर्धेत आपले फटके खेळाडू एकटा लिहीत नाही. सोबत खेळणारा, बहुधा प्रतिस्पर्धीच, ते लिहितो आणि कार्डावर सही करतो. त्या सहीशिवाय कार्ड धरले जात नाही. क्लबातल्या कोणत्याही सभासदाला दुसऱ्याच्या आकड्यावर समितीकडे हरकत घेता येते, आणि समिती तो आकडा खाली आणू शकते.